खटक्यावरचा अंगठा

१

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच प्रश्न विचारते. "टक् असा आवाज ऐकला होतात?"

माणूस जळकं कार्ड पुढे करून कंपनीच्या नावानं बोटं मोडत असतो. माझा प्रश्न ऐकला की बहुतेक जण गप्प होतात, कारण आवाज त्यांनी ऐकलेलाच नसतो. कंप्युटरमध्ये चित्रं उभी करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा प्लग सॉकेटात पुरता सरकला, की त्याच्या पाठीवरचा छोटासा खटका अडकतो आणि टक् होतं. प्लग केसभर जरी बाहेर राहिला तरी पिना एकमेकींना नीट टेकत नाहीत. सगळा भार दोन-तीन पिनांवर येतो, त्या तापत राहतात, आणि एक दिवस प्लास्टिक वितळून प्लग आणि सॉकेट एकमेकांना चिकटून बसतात. मग ते प्रकरण माझ्या टेबलावर येतं.

"चूक वायरची नसते, माणसाची असते," हे माझं ठरलेलं वाक्य. भावजी म्हणतात, "वहिनी, हे पाटीवरच रंगवून घेऊ. तुमचा घसा तरी वाचेल."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. दुकान मुळात माझ्या नवऱ्याचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. मी पहिल्यापासून त्यांच्या शेजारी बसून सोल्डर धरायची, त्यामुळे हात बसलेला होता. अकरा वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा लोक म्हणाले, आता काय, कुलूप. मी म्हटलं, कुलूप गेलं खड्ड्यात. आता बाहेरच्या खोलीत भावजी बसतात, खोकी फोडतात, बांधतात, गिऱ्हाइकांशी गप्पा छाटतात. आतल्या खोलीत मी. एक खिडकी, एक टेबल, भिंगाचं मोठं यंत्र, गरम हवेची गन आणि धूर ओढणारा पंखा. मधलं दार कायम उघडं, कारण बोलल्याशिवाय भावजींना अन्न पचत नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. वितळलेलं सॉकेट काढायचं, नवं बसवायचं, नवी वायर लावून टक् ऐकायचं. मग पांढऱ्या शाईच्या पेनानं प्लग आणि सॉकेट दोन्हींवरून जाणारी एक रेघ ओढायची. गिऱ्हाइकानं घरी प्लग लावला की दोन्ही रेघा जुळल्या पाहिजेत. जुने वितळलेले प्लग मी फेकत नाही. चिठ्ठी लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, वाद घालणाऱ्याला दाखवायला.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की मी हलगर्जी बाई नाही हे आधी कळावं.

तर त्या सोमवारी सकाळी माझ्या फोननं माझा अंगठा ओळखला नाही. दोनदा पुसून लावला तरी नाही. मी आकडे दाबून फोन उघडला आणि कामाला लागले. सोल्डर आणि स्पिरिटमध्ये हात बुडवणाऱ्या बाईच्या अंगठ्याचे लाड फोननं का करावेत, असं वाटलं.

२

त्याच दिवशी नकाशेवाले काका आले. आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेले गृहस्थ, आता घरबसल्या कंप्युटरवर डोंगरदऱ्यांचे नकाशे उभे करतात. कार्ड मऊ फडक्यात गुंडाळून आणलं होतं, जणू पाखरू आहे.

मी प्रश्न विचारला. ते शांतपणे म्हणाले, "ऐकला. दोनदा काढून लावला आणि दोन्हीदा ऐकला. बाई, मी चाळीस वर्षं मोजमापाचं काम केलंय. पुरतं आणि अर्धवट यातला फरक मला कळतो."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं. म्हणजे तसं कोणी म्हणत नाही, पण तोंडात बसलेलं वाक्य निसटतं.

प्लग भिंगाखाली धरला. एका बाजूच्या पिना काळ्या पडलेल्या, प्लास्टिक ओघळलेलं, नेहमीचंच. उलटा केला आणि खटक्यावर एक खळगा दिसला. उथळ, लांबट, आत बारीक वळणावळणाच्या रेषा. मी फोकस फिरवून फिरवून पाहिलं. कोणीतरी मऊ प्लास्टिकवर अंगठा दाबून धरला होता, त्याचा ठसा होता तो.

"काका, तापलेला प्लग हातानं उपटलात की काय?"

"छे हो. वास आला तसा मुख्य बटण बंद केलं आणि खोलीबाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर काढला."

"अंगठे दाखवा बघू."

त्यांनी निमूटपणे दोन्ही दाखवले. फोड नाही, डाग नाही. ते प्लास्टिक ठसा उमटण्याइतकं मऊ व्हायचं तर त्याला जी आच लागते, तिच्यावर क्षणभर बोट टेकलं तरी कातडी सोलून हातात येईल. त्यांच्या घरी दुसरं माणूस म्हणजे बायको, आणि ती त्या खोलीत पाऊल ठेवत नाही, म्हणते वायरींचं जंगल आहे.

मी कारखान्यावर खापर फोडलं. साच्यातून गरम प्लग काढताना कोणा कामगाराचं बोट लागलं असेल. काका म्हणाले, "असेल." पण नवं कार्ड लावताना तो ठसा नव्हता हे त्यांना सांगायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. सभ्य माणूस, बोलले नाहीत.

३

त्या आठवड्यात आणखी दोन आली. एक दुसऱ्या गावाहून टपालानं, मुलांसाठी हलती चित्रं करणाऱ्या एका बाईंचं. दुसरं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं, ते तिथल्या प्राध्यापकांनी स्वतः आणलं. दोघांनीही आवाज ऐकला होता. बाईंनी तर सोबत चिठ्ठीच जोडली होती: "टक् झालं होतं. कृपया हसू नका."

दोन्ही प्लगांच्या खटक्यावर अंगठा होता. तोच.

तोच हे मला पहिल्या नजरेतच कळलं, कारण ठशाच्या मधोमध एक तिरपी रेघ होती, वरून डावीकडून खाली उजवीकडे. जुन्या जखमेची खूण असावी तशी. तिन्ही प्लगांवर तीच रेघ, त्याच जागी. मी तिन्ही ओळीनं मांडले. धुराचा पंखा उगाच घरघरत होता, तो बंद केला. मग खोली फारच शांत झाली म्हणून पुन्हा चालू केला.

चौदा वर्षांची असताना डब्याचं झाकण सुरीनं उचकटताना माझा उजवा अंगठा कापला होता. आईनं हळद दाबली आणि वर एक धपाटाही घातला. खूण राहिली ती राहिलीच. वरून उजवीकडून, खाली डावीकडे. छाप उमटला की उलटी दिसायला हवी, हेही मला कळतं. मी आरशात धरून पाहिली, कागदावर रेखून पाहिली, आणि सगळं बरोबर जुळत होतं.

"भावजी, तुमची शिक्क्याची शाई द्या जरा."

"का हो? इस्टेट नावावर करताय की काय माझ्या?"

"तुमच्या नावावर हा धुराचा पंखा करते. द्या."

कागदावर अंगठा उठवला. तिरपी रेघ ठळक आली. बाकीच्या रेषा मात्र जेमतेम, पुसल्यासारख्या, आणि मधला भाग तर चक्क कोराच. भावजींनी कागद उजेडात धरला. "वहिनी, तुम्ही तर अंगठाबहाद्दरही राहिला नाहीत हो आता!" आणि हसले. मग त्यांनी टेबलावरचे तीन प्लग पाहिले, भिंगात डोळा घातला, आणि हसू मध्येच राहिलं.

माझ्या अंगठ्यावर ज्या रेषा राहिल्या नव्हत्या, त्या प्लास्टिकवर होत्या.

४

कातडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रसायनांचा परिणाम. मलम दिलं, मोजे घालून काम करा म्हणाल्या. मला बरं वाटलं. कारण मिळालं की माणसाला बरं वाटतं, मग ते कारण पुरेसं असो वा नसो.

दुपारच्या प्रकाराबद्दल मात्र मी त्यांना सांगितलं नाही. रोज जेवण झाल्यावर, एकच्या सुमारास, माझा उजवा अंगठा तापायला लागायचा. पोळल्यासारखा नाही, आत कुठेतरी ऊन ठेवल्यासारखा. आणि नकळत दाबला जायचा. चहाच्या कपावर, टेबलाच्या कडेवर, नाहीतर स्वतःच्याच तर्जनीवर. चार वाजले की सगळं निवायचं. मोजे घातले तरी तसंच, सुट्टीच्या दिवशी घरी बसले तरी तसंच.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दुकानातली अर्धी हयात मी "आपोआप झालं" म्हणणाऱ्यांना खोटं पाडण्यात घालवली आहे. म्हणून मी सरळ विचार केला. एक, मला भास होतोय. दोन, कोणीतरी खोडसाळपणा करतंय. तीन, हा योगायोग आहे. भास म्हणावा तर भावजींनीही पाहिलं होतं. खोडसाळपणा म्हणावा तर तीन ठिकाणी, तीन बंद कंप्युटरांमध्ये शिरून कोण करणार? आणि योगायोगाला अंगठा नसतो.

भावजी दोन दिवस गप्प होते, म्हणजे आमच्या दुकानात भूकंपच. तिसऱ्या दिवशी खोक्याला चिकटपट्टी लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तो अंगठा प्लग आत दाबतोय की बाहेर काढतोय?"

खटक्यावर अंगठा दोन कारणांसाठी जातो. प्लग लावताना तो पाठीवरून आत ढकलतात, आणि काढताना खटका दाबावा लागतो.

"आणि तिसरं काही कारण असतं का?" त्यांनी विचारलं.

"नसतं," मी म्हटलं, आणि तेव्हाच मला आठवलं की असतं.

५

सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो. सून घरूनच काम करते. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं कंप्युटरवर अशी काढते, की पाहणाऱ्यानं चपला बाहेर काढाव्यात. तिला दणकट कार्ड हवं होतं. म्हटलं, कंप्युटर मी बांधून देते, बाहेरच्या कोणाच्या हातात द्यायचा नाही. आत्याबाईंना मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तसलं जरतर माझ्या कामात चालत नाही, अशी बढाईसुद्धा मारली.

कंप्युटर ठेवायला जागा एकच, आतल्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी. त्या खाटेवर माझी नात दुपारी झोपते. तिला आम्ही सगळे बटण म्हणतो, कारण दिसेल ते बटण दाबल्याशिवाय ती पुढे जात नाही. तेव्हा ती अडीच वर्षांची होती. कान दुखत होता, दोन दिवस रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि मी शेवटचा प्लग हातात घेतला तेव्हा नुकताच तिचा डोळा लागला होता. सून दारात उभी. तिचे डोळे लाल झालेले. तिनं हात जोडले आणि नुसते ओठ हलवले, "आई, आवाज नको."

मी खटक्यावर अंगठा दाबून धरला. खटका दाबलेलाच ठेवून प्लग आत सरकवला आणि मग अंगठा हळूच, अगदी हळूच उचलला. टक् झालं नाही. व्हायला नकोच होतं. पुरता बसला असेल असं हाताला वाटलं. ओढून पाहायचं तर कार्ड करकरलं असतं. पांढरी रेघ ओढली, झाकण लावलं आणि चपला हातात घेऊन बाहेर पडले.

"नीट बसलं ना?" सुनेनं विचारलं.

"मी बसवलंय," मी म्हटलं.

रेघ फक्त एवढंच सांगते की प्लग नंतर हलला नाही. बसला होता की नाही, हे रेघ सांगत नाही. शेकडो लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या बाईला हे त्याच क्षणी कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. परत जाऊन बघू, असं जिन्यात मनात आलं होतं. मग वाटलं, सुनेसमोर पुन्हा झाकण उघडायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं. आणि राहून गेलं.

बटण दुपारी एक ते चार झोपते. सून तेव्हाच कंप्युटर पुऱ्या जोरानं चालवते, कारण एरवी बटण तिला बसू देत नाही.

६

भावजींना म्हटलं, दुकान बघा. रिक्षात बसले तेव्हा दीड वाजला होता आणि अंगठा तापला होता. मी तो पदरात गुंडाळून ठेवला.

सुनेनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीतून कंप्युटरच्या पंख्यांचा आवाज येत होता, एकसुरी, दमल्यासारखा. पडदे ओढलेले. बटण पालथी झोपली होती, एक पाय खाटेबाहेर. पायाखाली हातभर अंतरावर कंप्युटरची काळी पेटी. मी पेटीच्या वर तळहात धरला. ऊब होती, पण इतकी ऊब असतेच.

"हे बंद कर," मी कुजबुजले.

"आई, आज नको हो. काल दुपारी अर्धी चित्रं झाली, उरलेली आज चारपर्यंत होतील. माझं पहिलं स्वतःचं काम आहे. उद्या द्यायचंय. मध्ये बंद केलं तर सगळं पहिल्यापासून."

"प्लग बघायचाय मला."

"तुम्हीच तर बसवलाय! तुमच्या हातचं कधी सुटतं का?"

हे ती मनापासून म्हणाली, त्यामुळे आणखीच लागलं. मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सांगून टाकलं. खटका दाबून धरला होता, आवाज ऐकला नाही, ओढून पाहिलं नाही, आणि तुला खोटं सांगितलं. अंगठ्याचं काही बोलले नाही. गरज नव्हती, जे सांगितलं ते पुरेसं होतं.

"सात महिने?" ती म्हणाली. "आई, ती तिथे झोपते."

"हो गं."

"आणि लोकांना तुम्ही... मलासुद्धा तुम्ही परवा शेगडी चालू राहिली म्हणून..." ती आत गेली आणि एकही चित्र न वाचवता कंप्युटर बंद केला. पंखे थांबले. माझा अंगठा मात्र अजून तापलेलाच होता.

मी झाकण काढलं, टॉर्च धरला. पांढरी रेघ जुळलेली. प्लग दिसायला अगदी जागेवर. सुनेनं सुटकेचा श्वास टाकला. मी खटक्याला हात न लावता प्लग दोन बोटांनी धरला आणि ओढला. तो लगेच निघून आला.

खटका कधी अडकलाच नव्हता. दोन पिना तपकिरी झाल्या होत्या, नुसत्या तपकिरी. इतक्या सैल प्लगानं इतका भार घेतला तर महिन्याभरात काय होतं, याचे नमुने माझ्याकडे डबाभर आहेत. इथे सात महिन्यांत प्लास्टिकचा एक थेंब ओघळला नव्हता. फक्त पाठीवर, खटक्यावर, खोल खळगा होता. बाकीच्या तिन्हींपेक्षा दुप्पट खोल. त्यात वळणावळणाच्या रेषा, आणि मधून जाणारी तिरपी रेघ.

सुनेला मी तो दाखवला नाही, मुठीत धरला. आत दाबत होता, एवढंच मनात आलं. भावजी, तो आत दाबत होता. बाकीच्या तीन घरांत त्याला जमलं नसेल, किंवा हात सगळीकडे पुरला नसेल. मला रडू आलं आणि सुनेला वाटलं ते तिच्यासाठी आहे. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, राग तसाच ठेवून. थोडंफार तिच्यासाठीही होतं.

बटण उठून बसली होती. केस पिंजारलेले, डोळ्यांत झोप. "आजी, मी दाबू?"

मी नवी वायर काढली, तिला मांडीवर घेतलं. तिला शिकवावं, असं मनापासून वाटलं. जे मी केलं ते हिनं कधी करू नये. प्लग सॉकेटाच्या तोंडाशी धरला, तिचा अंगठा त्याच्या पाठीवर ठेवला आणि त्यावर माझा. "जोरात हं. आवाज आला पाहिजे."

टक्.

"आला!" बटण ओरडली. "पुन्हा!"

आम्ही चार वेळा काढून लावला. चारही वेळा टक् झालं. चौथ्या वेळी माझा अंगठा गार होता.

७

पुढचे तीन आठवडे मी काय सुखात काढले म्हणून सांगू. दुपारी एक वाजायचा, चार वाजायचे, अंगठ्याला काही नाही. भिंगाखाली बघितलं तर कडेनं रेषा परत येऊ लागल्या होत्या. एका सकाळी फोननं अंगठा ओळखला, तेव्हा मी भावजींना चहाबरोबर भजी खिलवली. सुनेचं काम एक दिवस उशिरा पोचलं. बोलणी खाल्ली, पण काम टिकलं. माझ्याशी ती आठवडाभर तुटक बोलली आणि मग स्वतःच फोन करून विचारलं, "आई, या रविवारी येताय ना?"

गिऱ्हाइकांना मी आता तो प्रश्न जरा मऊ आवाजात विचारत होते. भावजी म्हणाले, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

मग टपालानं एक कार्ड आलं. दूरच्या गावातल्या एका परिचारकाचं. दवाखान्यातून घरी आला की खेळ खेळत बसतो, म्हणे. सवयीनं प्लग उलटा केला.

खटक्यावर खळगा होता. मला आधी वाटलं, नखाची खूण असेल, कारण फार लहान होता. भिंगाखाली धरला. रेषा अगदी बारीक, दाट, नव्या कोऱ्या. मधून जाणारी तिरपी रेघ नव्हती.

मी परिचारकाला फोन लावला. "तुमच्या घरात लहान मूल आहे का?"

"नाही हो," तो म्हणाला. "मी एकटाच राहतो. का?"

भावजी दारात उभे होते. त्यांनी भिंगात पाहिलं आणि माझी पिशवी आणून माझ्या खांद्याला अडकवली.

८

मी पोचले तेव्हा दोन वाजत होते. सून कंप्युटरपाशी होती, बटण खाटेवर झोपलेली, या वेळी उताणी. एक हात अंगाखाली, दुसरा उशीवर. उशीवरच्या हाताची मूठ वळलेली होती आणि अंगठा तेवढा बाहेर. तो उशीत रुतला होता.

झोपलेल्या मुलाचा हात सैल असतो. हा नव्हता. अंगठ्याचं पेर पांढरं पडलं होतं आणि मनगटापर्यंत शीर ताणलेली. चेहरा मात्र शांत, तोंड किंचित उघडं. मी तिचा अंगठा हळूच उचलला. गरम होता, बाकीचा हात गार. उशीवर खळगा राहिला. मी सोडला तसा तो पुन्हा त्याच जागी जाऊन दाबू लागला.

"कंप्युटर बंद कर," मी म्हटलं.

सुनेनं या वेळी एक शब्द विचारला नाही. बंद केला. पंखे थांबले, खोलीत नुसता बटणचा श्वास ऐकू येत होता. आम्ही दोघी तिच्या हाताकडे बघत होतो. अंगठा थांबला नाही.

इथलं नव्हतंच ते. इथला प्लग चार वेळा टक् करून बसला होता. कुठल्यातरी दुसऱ्या घरात, कुठल्या खोलीत, कोणाच्या पायथ्याशी, देव जाणे.

"आई, काय आहे हे?" सून म्हणाली.

"मला माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्तीबद्दल मी हे वाक्य बोलले. मग खाटेवर बसले आणि माझा अंगठा तिच्या अंगठ्याखाली सरकवला, कापलेली खूण वर ठेवून. "मला दाब, बाळा," मी म्हटलं. "मला दे ते." तिचा जोर एवढ्याशा पोरीचा नव्हता. चार वाजेपर्यंत माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला. मग तिनं मूठ सोडली, कूस वळवली आणि उठल्यावर दूध मागितलं.

तेव्हापासून मी रोज एकला दुकानातून निघते. सून माझ्यासाठी खाटेजवळ खुर्ची ठेवते आणि दार लोटून घेते. भावजी लोकांना सांगतात, वहिनी दुपारच्या नसतात. नात झोपते आणि मी अंगठा खाली धरून बसते. मुलानं आणि सुनेनं सामान सरकवून कंप्युटर दुसऱ्या खोलीत हलवला. त्यानं काही फरक पडला नाही. कधी ती अर्धा तास दाबते, कधी पूर्ण तीन तास. निघताना मी पिशवीतलं भिंग काढून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा बघते. पहिल्या आठवड्यात मधला भाग फिकट झाला होता. मी कोणाला बोलले नाही. देवळात न जाणारी मी, मनातल्या मनात कोणाकोणाला नवस बोलले ते माझं मला माहीत.

परवा रेषा होत्या तेवढ्याच होत्या. काल, मला वाटतं, थोड्या गडद होत्या.

आज सकाळी दुकान उघडलं, फोन हातात घेतला आणि अंगठा लावला. फोननं ओळखला नाही. पुसून लावला. नाही. फुंकर मारून, पदराला घासून, पुन्हा लावला. नाही.

"काय झालं वहिनी?" भावजी बाहेरच्या खोलीतून धावत आले. कारण मी खुर्चीत मटकन बसून हसत होते, आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.